बिस्किट, रक्त आणि वाटाण्याएवढा तुकडा: कुत्र्याच्या खाऊची गोष्ट

आजचा भाग खाऊवर आहे. माणसांच्या नाही, कुत्र्यांच्या. 'बस' म्हटल्यावर कुत्रं बसतं आणि मग आपण बोटांच्या चिमटीतून त्याला जो छोटासा तुकडा देतो ना, त्याच्यावर. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हे काय मध्येच, असं वाटेल. पण या तुकड्यात शिकार आहे, दोन महायुद्धं आहेत, जहाजावरची बिस्किटं आहेत आणि हजारभर कुत्र्यांचे न उलगडलेले मृत्यूही आहेत. त्यामुळे हेडफोन नीट लावा. जेवत असाल तर पहिली पाच मिनिटं थोडं थांबा, कारण सुरुवात रक्ताने आहे.

इंग्रजीत शिकारीच्या सावजाला 'क्वारी' म्हणतात. दगडाच्या खाणीलाही तोच शब्द आहे, पण त्याचं मूळ वेगळं. सावजवाला 'क्वारी' आला जुन्या फ्रेंच भाषेतून, आणि तिथे त्याचा अर्थ सावज असा नव्हताच. हरीण मारलं की त्याचं कातडं जमिनीवर पसरायचं, त्यावर आतडी आणि रक्तात भिजवलेले पावाचे तुकडे टाकायचे आणि शिकारी कुत्र्यांना सोडायचं. हा कुत्र्यांचा वाटा म्हणजे 'क्यूरे'. म्हणजे शब्द जन्मला ट्रीट म्हणून, आणि नंतर घसरत घसरत सावजावर जाऊन चिकटला. फ्रान्समधला फॉइक्सचा सरदार गॅस्तों फेबुस याने 1387 मध्ये शिकारीवर एक मोठा ग्रंथ लिहायला घेतला. त्याच्या चित्रांच्या हस्तलिखितांत हा सगळा विधी रंगवलेला सापडतो. विधीच म्हणायचा, कारण आधी कोण, नंतर कोण, शिंगं कधी वाजवायची, सगळं ठरलेलं.

मला यात पाव जास्त इंटरेस्टिंग वाटतो. नुसतं मांस दिलं तर कुत्रं तृप्त होतं आणि पुढच्या वेळी स्वतःच सावज फाडून खायला शिकतं. रक्तात भिजलेला पाव दिला की वास सावजाचा, चव सावजाची, पण देणारा माणूस. कुत्र्याच्या डोक्यात गणित बसतं: सावज धरायचं, माणसाची वाट बघायची, मग मिळतं.

हेच गणित आपल्याकडे कोल्हापुरातही होतं, फक्त प्राणी वेगळा. छत्रपतींच्या संस्थानात विसाव्या शतकातसुद्धा चित्त्यांकडून काळवीट धरायची शिकार चालायची. चित्त्याला बैलगाडीवरून माळावर न्यायचं, डोळ्यांवरची टोपी काढायची आणि सोडायचं. त्याने काळवीट पाडलं की चित्तेवान धावत जायचा. अशा शिकारीच्या वर्णनांत लाकडी पळी येते. चित्तेवान त्या पळीत काळविटाचं गरम रक्त धरून चित्त्याच्या तोंडासमोर न्यायचा. चित्ता पळीतलं रक्त चाटायला लागला की काळविटाच्या गळ्यावरची पकड आपोआप सुटायची. आज ट्रेनर लोक 'ड्रॉप इट' शिकवताना चेंडूच्या बदल्यात खाऊ पुढे करतात. पळी बदलली, पद्धत तीच.

आता बिस्किट. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्याशी दोस्ती करायची तर टपरीवर जाऊन पाच रुपयांचा ग्लुकोज बिस्किटांचा पुडा घ्यायचा, हे सर्वांना माहीत आहे. कुत्रा आणि बिस्किट ही जोडी इतकी पक्की आहे की ती निसर्गानेच लावली असावी असं वाटतं. तसं नाही. बिस्किटाचा धंदा उभा केला जेम्स स्प्रॅट नावाच्या एका अमेरिकन माणसाने. हा गडी ओहायो राज्यातला, विजेपासून इमारती वाचवणारे लोखंडी गज विकायचा. धंद्यासाठी इंग्लंडला गेला. तिथल्या गोदीत खलाशांनी फेकलेली कडक जहाजी बिस्किटं कुत्री आवडीने खाताना त्याने पाहिली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट फार गोंडस आहे म्हणून मी ती थोडी जपूनच सांगतोय. पण 1860 च्या आसपास लंडनमध्ये त्याने कुत्र्यांची बिस्किटं विकायला सुरुवात केली, हे पक्कं. गहू, बीट, भाज्या आणि मांस. मांस कुठलं, हे कंपनी मोघमच सांगायची. अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातलं, इतकंच. म्हणजे लेबलवर सुंदर शब्द आणि आत काय ते विचारू नका, ही परंपरासुद्धा तेव्हापासूनची.

स्प्रॅटच्या कंपनीत चार्ल्स क्रफ्ट नावाचा एक पोरगा नोकरीला लागला. बिस्किटं खपवायला डॉग शोसारखी जागा नाही, हे त्याच्या लक्षात आलं. 1891 मध्ये त्याने स्वतःच्या नावाने शो भरवला. जगातला सर्वात प्रसिद्ध डॉग शो 'क्रफ्ट्स' तो हाच. आणि 1908 मध्ये न्यूयॉर्कच्या एका बेकरीने हाडाच्या आकाराचं बिस्किट काढलं. हा आकार कुत्र्यासाठी नाहीच, बरं का. कुत्र्याला गोल दिलं काय, चौकोनी दिलं काय, सारखंच. तो आकार पैसे देणाऱ्यासाठी आहे.

पण कुत्र्याला बिस्किट पचतं कसं? लांडग्याचा वंशज ना तो? याचं उत्तर 2013 मध्ये मिळालं. स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्र्यांचा आणि लांडग्यांचा डीएनए ताडून पाहिला. पिठूळ अन्न पचवायला अमायलेज नावाचं एन्झाइम लागतं. त्याच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन असतात, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणूस शेती करायला लागला, कुत्रा त्याच्या उकिरड्यापाशी राहिला आणि त्याचं शरीर भाकरीला सरावलं. त्यामुळे 'कुत्र्याला फक्त मांसच द्या' असं इन्स्टाग्रामवर कोणी ओरडत असेल, तर त्याला गावाकडचा भाकरी-ताकावर वाढलेला कुत्रा दाखवा. अर्थात पचतं म्हणून रोज पुडाभर द्यायचं, असंही नाही. त्याचा हिशोब पुढे करू.

आता प्रयोगशाळेत जाऊ. पावलोव्ह सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे, म्हणून त्याच्यावर फार वेळ घालवत नाही. मांसाची पूड, लाळ, 1904 चं नोबेल. नोबेल मात्र पचनाच्या अभ्यासासाठी होतं, लाळेच्या त्या प्रसिद्ध प्रयोगांसाठी नव्हे. मला त्याच्यापेक्षा अमेरिकेतला एडवर्ड थॉर्नडाइक जास्त आवडतो. 1898 मध्ये त्याने मांजरं आणि कुत्री लाकडी पेट्यांत बंद केली. बाहेर खाऊ ठेवला. आतली कडी किंवा दोरी योग्य तऱ्हेने ओढली की दार उघडायचं. तो दर वेळेचे सेकंद मोजत बसायचा. ज्या कृतीनंतर चांगलं काही घडतं ती कृती पुन्हा होते, हा त्याचा नियम. आज मशीन लर्निंगमध्ये आम्ही जे रिइन्फोर्समेंट लर्निंग वापरतो, त्याची वंशावळ काढली तर मागे जाता जाता या पेट्यांपाशी येऊन थांबते. आमच्या ऑफिसात मॉडेलला 'रिवॉर्ड' देतात तेव्हा मला दर वेळी दाराबाहेर ठेवलेला मासा आठवतो.

तिकडे जर्मनीत पोलिसांची कुत्री शिकवणाऱ्या कोनराड मोस्ट याने 1910 मध्ये ट्रेनिंगवर पुस्तक लिहिलं. कृतीनंतर लगेच बक्षीस, हे त्याला नीट कळलं होतं. पण त्याच पुस्तकात काटेरी पट्टा आणि चाबूकही आहे. पुढची सत्तर वर्षं जगाने त्याच्याकडून मुख्यतः पट्टा घेतला. खाऊ म्हणजे लाच, आणि लाच घेणारं कुत्रं भरवशाचं नाही, अशी समजूत होती. कुत्र्याने मालकावरच्या प्रेमापोटी किंवा धाकापोटी काम करावं. हे ऐकून मला आपल्याकडचे काही जुने मास्तर आठवतात, आणि तुम्हालाही आठवत असतील.

खाऊची खरी ताकद कळली ती युद्धात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी एडविन रिचर्डसन या अधिकाऱ्याने 1917 मध्ये शूबरीनेस इथे कुत्र्यांची शाळा काढली. कुत्र्याला आघाडीवर न्यायचं, गळ्यातल्या डबीत चिठ्ठी घालायची आणि सोडायचं. ते मागे आपल्या सांभाळणाऱ्याकडे पळत यायचं. तिथे शाबासकी आणि खायला. ही सगळी यंत्रणा एका गोष्टीवर उभी होती: खंदकातल्या इतर सैनिकांनी त्या कुत्र्याला काहीही खायला द्यायचं नाही. कल्पना करा, चिखलात महिनोन्‌महिने बसलेला एकोणीस वर्षांचा पोरगा, समोरून एक कुत्रं चाललंय, खिशात बिस्किट आहे, आणि द्यायचं नाही. कारण कुत्रं तिथे रेंगाळलं तर चिठ्ठी उशिरा पोहोचणार. आमच्या सोसायटीतल्या काकूंना मी हे सांगितलं होतं, त्या माझ्या कुत्रीला ट्रेनिंगच्या मध्येच बोलावून बिस्किट देतात म्हणून. त्या म्हणाल्या, "अरे, इथे कुठे युद्ध चाललंय? एकच तर दिलं!" मी गप्प बसलो.

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. सोव्हिएत सैन्याने कुत्र्यांना रणगाड्याखाली जायला शिकवलं. पद्धत साधी: कुत्र्यांना उपाशी ठेवायचं आणि जेवण रणगाड्याखाली ठेवायचं. मग पाठीवर स्फोटकं बांधून त्यांना जर्मन रणगाड्यांवर सोडायचं. 1941 मध्ये त्यांना प्रत्यक्ष लढाईत उतरवलं तेव्हा बरीच कुत्री गोळीबाराने घाबरून मागे फिरली, आपल्याच खंदकांकडे. काही सोव्हिएत रणगाड्यांकडे वळली. यामागची कारणं सांगतात ती ऐकून माझ्यातला इंजिनिअर अस्वस्थ होतो. इंधन वाचवायला सराव उभ्या रणगाड्यांवर केला होता. सरावात गोळीबार नसायचाच म्हटलं तरी चालेल. आणि सरावातले रणगाडे सोव्हिएत, डिझेलचे, तर जर्मन पेट्रोलचे. कुत्र्यांनी काहीही चूक केली नव्हती. ज्या वासापाशी जेवण मिळायचं, त्या वासाकडे ती गेली. टेस्टिंगचं वातावरण वेगळं आणि प्रॉडक्शनचं वेगळं असलं की काय होतं, याचं इतकं भयंकर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

युद्धाच्याच काळात अमेरिकेत बी. एफ. स्किनर कबुतरांना क्षेपणास्त्राला दिशा द्यायला शिकवत होता. हो, खरंच. नाकाशी बसलेलं कबुतर पडद्यावरच्या लक्ष्यावर चोच मारणार, असा तो बेत. तो वापरात आला नाही, पण त्या प्रयोगातले दोन विद्यार्थी, केलर आणि मॅरियन ब्रेलंड, पीएचडी सोडून प्राणी शिकवायच्या धंद्यात उतरले. वेळ नेमकी साधायला ते एक आवाज वापरायचे. आवाज म्हणजे 'हेच बरोबर', आणि खाऊ मागून येतो. कारण कुत्र्याने उडी मारली आणि तुम्ही खिसा चाचपत चार सेकंद घालवले, तर तोवर ते बसलेलं असतं आणि बक्षीस बसण्याला जातं. हा लेटन्सीचा प्रॉब्लेम त्यांनी एका टिकटिकीने सोडवला. स्किनरने स्वतः 1951 मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये घरच्या कुत्र्याला असं कसं शिकवायचं, ते सामान्य वाचकांसाठी लिहिलं.

ब्रेलंड दाम्पत्याने कुत्र्यांच्या ट्रेनरांना हे पटवायचा प्रयत्न केला. कोणी ऐकलं नाही. मग त्यांनी कोंबड्या शिकवल्या, डुकरं शिकवली, जाहिरातींसाठी कार्यक्रम केले. 1961 मध्ये त्यांनी एक प्रामाणिक निबंध लिहिला, त्यात आपली पद्धत कुठे फसते तेही सांगितलं. रॅकूनला नाणी डब्यात टाकायला शिकवलं, तर तो नाणी एकमेकांवर घासतच बसायचा, जणू खाणं धुतोय. प्राणी म्हणजे कोरी पाटी नाही, एवढं त्यांनी मान्य केलं.

कुत्र्यांच्या जगात तेव्हा चलती होती विल्यम कोलर यांच्यासारख्यांची. 1962 मधलं त्यांचं पुस्तक, साखळीचा पट्टा, झटका. बदल आला तो समुद्राकडून. हवाईमध्ये कॅरन प्रायर डॉल्फिन शिकवायच्या. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा बांधणार कसा? त्याला मारलं तर तो शांतपणे टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. हातात फक्त शिट्टी आणि मासे. 1984 मध्ये त्यांनी हा अनुभव पुस्तकात मांडला आणि कुत्रेवाल्यांनी तो उचलला. त्याच दशकात कॅलिफोर्नियात इयान डनबार हे पशुवैद्य पिल्लांचे वर्ग घेऊ लागले, पट्टा सोडून, हातात खाऊ धरून. आज पुण्यात, ठाण्यात तुम्ही ट्रेनर बोलावता आणि तो कमरेला छोटी पिशवी बांधून येतो ना, ती पिशवी या सगळ्या प्रवासातून आलीय.

आणि इथे नवा प्रश्न सुरू झाला. क्यूरे शिकारीनंतर एकदा व्हायची. रिचर्डसनच्या कुत्र्याला चिठ्ठी पोहोचवल्यावर मिळायचं. आता मात्र पंधरा मिनिटांच्या सरावात तीस-चाळीस वेळा खाऊ द्यायचा. त्यामुळे तो कशाचा बनलाय, हा प्रश्न अचानक मोठा झाला.

2007 मध्ये उत्तर अमेरिकेत पाळीव प्राण्यांचं अन्न मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत मागवलं गेलं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळलं होतं. प्लास्टिकची ताटं बनवतात ते मेलामाइन. का मिसळलं? प्रोटीन मोजायची नेहमीची चाचणी खरं तर नायट्रोजन मोजते, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. आकडा वाढला, प्राण्यांची मूत्रपिंडं गेली. त्याच वर्षापासून अमेरिकेच्या एफडीएकडे वेगळ्या तक्रारी यायला लागल्या, चिकन जर्कीबद्दल, म्हणजे वाळवलेल्या चिकनच्या पट्ट्यांबद्दल. बहुतेक माल चीनहून आलेला. कुत्र्यांना उलट्या, मूत्रपिंडाचा एक दुर्मीळ आजार. 2015 अखेरपर्यंत 6,200 हून जास्त कुत्री आजारी आणि 1,100 हून जास्त मृत्यू, अशा नोंदी झाल्या. कित्येक वर्षं चाचण्या झाल्या, नमुने तपासले गेले, पण नक्की कारण सापडलं नाही. लोकांनी ते पाकीट प्रेमानेच घेतलं होतं. पाकिटावर निरोगी, शंभर टक्के चिकन वगैरे लिहिलेलं असतंच.

म्हणून मी पाकीट उलटं करून वाचतो. आणि बहुतेक वेळा ते परत रॅकवर ठेवतो.

आता तो हिशोब. जनावरांचे डॉक्टर सांगतात की खाऊ दिवसभराच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. दहा किलोच्या, बऱ्यापैकी हिंडणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 550 ते 600 कॅलरी लागतात. म्हणजे खाऊचं बजेट 55-60. एका छोट्या ग्लुकोज बिस्किटात वीसेक कॅलरी असतात. तीन बिस्किटं झाली की बजेट संपलं, आणि मिळालं काय, तर मैदा आणि साखर. तेच उकडलेल्या चिकनचे, मीठ-मसाला न घातलेले, वाटाण्याएवढे एक-एक ग्रॅमचे तुकडे केले तर पस्तीस-चाळीस होतात. कुत्रं तुकड्याचा आकार मोजत नाही, किती वेळा मिळालं ते त्याला कळतं. चिकन घरात चालत नसेल तर उकडलेलं रताळं, लाल भोपळा, गाजर, काकडी, बिया काढलेलं सफरचंद. गर्दीत किंवा फटाक्यांच्या दिवसांत मात्र काकडीला कोणी विचारत नाही, तेव्हा चिकनच. आणि जेवढं बाहेर दिलं तेवढं रात्रीच्या ताटातून कमी करायचं, हे विसरू नका.

काय द्यायचं नाही, त्यात चॉकलेट आणि कांदा-लसूण तुम्हाला माहीत असेल. झायलिटॉल बघा. शुगर-फ्री च्युइंगम, काही पीनट बटर यांत हा गोड पदार्थ असतो. कुत्र्याच्या शरीरात त्याने इन्सुलिन एकदम उसळतं आणि साखर कोसळते. दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅमसुद्धा धोक्याचा.

आणि द्राक्षं, मनुका. साधारण 2000 च्या आसपास अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्राच्या लक्षात आलं की द्राक्षं खाल्लेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. काही कुत्री घोसभर खाऊन ठणठणीत, काही मूठभर मनुक्यांत गेली. वीस वर्षं कोडं सुटेना. मग 2021 मध्ये तिथल्याच पशुवैद्यांनी अंदाज मांडला की दोष टार्टारिक आम्लाचा असावा. बेकिंगमध्ये वापरायची क्रीम ऑफ टार्टर घातलेली घरगुती खेळमाती खाऊन एका कुत्र्याची तशीच अवस्था झाली होती, त्यावरून धागा लागला. द्राक्षांत हे आम्ल कमी-जास्त असतं, म्हणून परिणामही कमी-जास्त.

हे वाचताना मी स्वयंपाकघरात उभा होतो. टार्टारिक आम्ल भरपूर असलेली दुसरी गोष्ट म्हणजे चिंच. आमटीत रोज पडणारी. नाशिकची द्राक्षं आपण लपवून ठेवू, प्रसादातल्या शिऱ्यातले मनुके काढून टाकू, पण चिंच-गुळाची आमटी कालवलेला भात कुत्र्यापुढे ठेवताना कोण विचार करतो? त्यामुळे आमच्या घरी आता तिचा भात आमटी व्हायच्या आधीच बाजूला निघतो. आईने त्यासाठी एक वेगळी वाटीच ठेवलीय.

तुमच्या कमरेच्या पिशवीत काय असतं ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात मुधोळच्या कुत्र्यांबद्दल बोलू. तोवर काळजी घ्या, भेटू!